उजनीच्या फुगवट्यात बेट विकायला आहे, खरा खर्च किती धरावा?

सात_रस्ता (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. करमाळा तालुक्याच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागं साठलेल्या पाण्यात, एक बेट विकायला निघालंय. दलालाचं म्हणणं: अकरा एकर, चहूबाजूंनी पाणी, टायटल क्लिअर. भाव एकरी साडेचार लाख, म्हणजे एकूण साडेएकोणपन्नास. काठापासून बोटीनं दीड किलोमीटर.

दक्षिण सोलापुरात आमच्या नावावर सातबारा आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या पुराव्याची अडचण नाही. बेत साधा आहे: ८०० चौरस फुटांचं घर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हुरडा आणि पक्षी बघायला येणारी मंडळी, बाकी वेळ घरच्यांसाठी.

जमिनीचे पैसे सोडून उभारणीला किती लागतील आणि नंतर वर्षाला किती जातील, हे जाणकारांनी आकड्यांत सांगावं. दुसरं, भावकीतले एकजण म्हणतात एवढ्या पैशांत कॅनडात बेट मिळतं. त्यात तथ्य किती?

---

लेव्हल_मशीन

मालक, पैशाआधी पातळी बघा. 'अकरा एकर' हे कुठल्या महिन्यातलं आहे, हा पहिला प्रश्न दलालाला विचारा.

उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर. उपयुक्त साठा संपतो, म्हणजे धरण शून्य टक्क्यांवर येतं, ती पातळी ४९१.०३ मीटर. दोन्हींत फरक ५ मीटर ८० सेंटिमीटर, साधारण तीन पुरुष. फुगवट्याचा काठ सपाट आहे. उतार पन्नासास एक असेल तर ही ५.८ मीटर उतरताना पाण्याची कड २९० मीटर मागे जाते. शंभरास एक असेल तर ५८० मीटर. आणि उजनी शून्यावर थांबत नाही, मायनसमध्ये जाते हे सोलापूरकराला सांगायला नको. २०२४ च्या जूनमध्ये उणे ६० टक्क्यांच्या आसपास होती. टक्के उपयुक्त साठ्याचे धरतात, म्हणून शून्याखालच्या ६३.६६ टीएमसी मृतसाठ्यातला निम्माच उरला होता. त्याच ऑगस्टमध्ये धरण भरून खाली भीमेत पाणी सोडलं.

आता बेटाचं गणित. धरण भरलेलं असताना तीन एकरांचं गोल बेट घ्या. त्रिज्या ६२ मीटर येते. पाणी फक्त ३ मीटर उतरलं आणि उतार वीसास एक असेल तर त्रिज्या १२२ मीटर होते. क्षेत्र? साडेअकरा एकर. दलालाचा आकडा कुठून आला असेल ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

मधली साडेआठ एकर म्हणजे गाळपेर. ती जमीन सरकारनं धरणासाठी संपादित केलेली. पाणी ओसरल्यावर ती हंगामापुरती कसायला देतात, पण विकता येत नाही, त्यावर बांधता येत नाही, कुंपण घालता येत नाही. वर्षानुवर्षे कसणाऱ्याच्या ताब्यात दिसते म्हणून ती त्याची होत नाही. आणि उलटंही धरू नका, की पाण्याच्या रेषेवर आहे म्हणजे खाजगीच. वाट तुटली म्हणून अख्खा गटच संपादनात घेतल्याची उदाहरणं धरणांवर असतात. म्हणून तलाठ्याकडचा सातबारा बघून समाधान मानू नका. भूसंपादनाचा निवाडा काढा, त्यात तुमचा गट आणि पोटहिस्सा किती क्षेत्रानिशी आहे ते बघा, आणि उरलेलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळवा. फेरफार १९७० च्या आधीपासून मागे न्या. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला संपलं. भानगड असेल तर त्याच दहा-बारा वर्षांत असते. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हेही बघा. पुनर्वसनातली वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही.

मोजणीची एक सोपी युक्ती. जलसंपदा विभाग धरणाची पातळी रोज जाहीर करतो. वारा नसलेल्या सकाळी बेटाभोवती पाण्याच्या कडेला खुंट्या ठोका आणि त्या दिवशीची पातळी वहीत लिहा. ही फुकटची कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीची रेषा. ४९६.८३ च्या वर जेवढं राहतं तेवढ्यालाच भाव द्यायचा. फक्त हे काम पूर येत असताना करू नका. दौंडकडून पाणी येत असतं तेव्हा फुगवट्याच्या वरच्या अंगाला पाणी धरणाच्या भिंतीजवळच्या पातळीपेक्षा उंच उभं असतं आणि खुंट्या चुकीच्या जागी बसतात. जोत्याची उंची ठरवतानाही हेच लक्षात ठेवा. शिवाय धरण शंभर टक्क्यांवर थांबवत नाहीत, ११० टक्क्यांपर्यंतही भरून घेतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. घर लाल रेषेच्या वर बसतंय का, हे बघूनच इसार द्या.

---

भीमाकाठ

लेव्हलवाल्या साहेबांनी जमिनीचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो.

बेटाला तीन ऋतू असतात: पाण्याचा, चिखलाचा आणि कोरडा. पाणी भरलेलं असताना बोट अंगणापर्यंत जाते. पार कोरडं पडलं तर ट्रॅक्टर जातो. सगळा खर्च आणि सगळी फजिती मधल्या चिखलात. बोट टेकते, ट्रॅक्टर रुततो आणि माणूस गुडघ्याएवढ्या गाळात. साधारण मार्चपासून पाऊस लागेपर्यंत केव्हाही हा काळ येतो आणि चार आठवडे ते तीन महिने टिकतो. त्यावर पक्का रस्ता करायला जाऊ नका. एक तर जागा सरकारी, दुसरं म्हणजे टाकलेला मुरूम पुढच्या भरतीला गाळात जातो. लोक बांबूच्या तट्ट्या किंवा काथ्याच्या चटया अंथरून पायवाट करतात, ओझं सपाट तळाच्या होडीत ठेवून दोरानं ओढतात. त्यावरून फ्रीज न्यायचा विचार करून बघा.

बोट: १८ फुटी फायबरची, सहा-सात माणसांची, अडीच ते तीन लाख. २५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन तीन ते साडेतीन लाख. स्वस्तात होडीला पाणी उपसायचं इंजिन जोडून मिळतं, पण पाहुणे बसवायचे असतील तर तो नाद करू नका. बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाची, खाडी-समुद्र नसला तरी. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते अंगात, बाकाखाली नाही. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी दरम्यान वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर ढग काळे दिसले की बोट सोडायची नाही, हा नियम पाहुण्यापेक्षा मालकाला जास्त पाळावा लागतो.

इंजिन कशानं बिघडतं? गाळानं. थंड करायला इंजिन बाहेरचं पाणी ओढतं. त्या पाण्यातला गाळ रबरी इम्पेलर खातो. समुद्रावर दोन-तीन वर्षं टिकणारा इम्पेलर इथं दर वर्षी बदला, पावसाळा संपल्या संपल्या. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ती सतत बघत राहायची. धार बारीक झाली की जलपर्णी किंवा प्लास्टिक जाळीवर बसलंय असं समजून इंजिन बंद. दोन मिनिटं जास्त चालवलं तर हेड गॅस्केटचं काम निघतं. दुसरा शत्रू मच्छीमारांचं जाळं. चिलापीची जाळी पाण्याखाली एक-दीड फुटावर असतात, पंख्याला गुंडाळली की शाफ्टचं सील जातं, आणि जाळ्याची भरपाई वेगळी. ती द्यायचीच, कारण उद्या अडचणीत तोच माणूस तुम्हाला ओढून काठाला नेणार. तिसरं, पाणी उतरलं की जुनी झाडांची खोडं, विहिरींचे कठडे, बुडालेल्या गावठाणाच्या भिंती वर येतात. एक जादा पंखा आणि दोन पिना बोटीत कायम असाव्यात.

धक्का सिमेंटचा बांधू नका. पाणी पावणेसहा मीटर खाली-वर होणार, सिमेंटचा धक्का वर्षातून दोन महिने उपयोगी. एचडीपीईचे तरंगते ठोकळे मिळतात, एका चौरस मीटरला चार. बेटाला आणि काठाला मिळून ४० चौरस मीटर, म्हणजे १६० ठोकळे, वाहतूक-जोडणीसह तीन लाखांच्या आत-बाहेर. नांगर म्हणून सिमेंटचे ठोकळे टाका, आणि दोर खोलीच्या तिप्पट सोडा. दोर आखूड बांधला की पाणी वाढताना धक्का एका बाजूनं बुडतो. तो दोर दर पंधरवड्याला सैल-घट्ट करायला माणूस लागतो, हे लक्षात ठेवा.

---

सात_रस्ता

गाळपेरीचं ऐकून डोकं गरगरलं. निवाड्याची नक्कल मागवतो. काठावर गाडी लावायला आणि धक्क्याला जागा लागेल, ती पाच गुंठे घेतली तर चालेल ना? आणि बांधकामाचं साहित्य पलीकडे न्यायला साधारण काय येतं?

---

वीट_वाळू_खडी

पाच गुंठ्यांची नोंद होणार नाही. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, बागायतीचं १० गुंठे. शेतजमीन त्याखाली तोडून घेतली तर फेरफार अडतो. म्हणजे काठावर निदान वीस गुंठे घ्या, नाहीतर शेतकऱ्याशी वहिवाटीच्या रस्त्याचा नोंदणीकृत करार करा. तोंडी 'या की हो, आपलंच रान आहे' यावर विसंबू नका. त्याच्या पोराचं लग्न झालं, वाटणी झाली, की वाटेवर ज्वारी पेरलेली दिसते.

आता साहित्य. ८०० चौरस फुटांचं आरसीसी घर, ढोबळ हिशेबानं: सिमेंट ३२० पोती म्हणजे १६ टन, सळई ३.२ टन, वाळू साडेचौदा ब्रास म्हणजे ६५ टनांच्या आसपास, खडी अकरा ब्रास म्हणजे ४५ टन, विटा नऊ हजार म्हणजे २७ टन. बेरीज १५६ टन. काठावर ट्रकनं आलं इथपर्यंत ठीक, पुढे तराफा.

तराफा २०० लिटरच्या निळ्या बॅरलांचा. ४० बॅरल म्हणजे ८,००० किलो उचल, कागदावर. बॅरल ६० टक्क्यांपेक्षा जास्त बुडू द्यायची नाहीत, म्हणून ४,८०० धरा. त्यातून बॅरलांचं स्वतःचं ३६० वजा, आणि लोखंडी सांगाडा, फळ्या, इंजिन, माणसं मिळून आणखी १,९०० वजा. उरले अडीच टन. १५६ टनांना ६२ फेऱ्या. जास्त भरलं तर काय होतं? तराफा एकदम बुडत नाही, वळताना वाळू एका बाजूला सरकते आणि कोपरा पाण्याखाली जातो. मग वाळू गेली आणि सिमेंटही गेलं. वाळू सुटी नेऊ नका, पोत्यांत भरा आणि मध्यावर रचा.

पैसा फेरीत कमी, हमालीत जास्त जातो. प्रत्येक वस्तू चार वेळा हाताळावी लागते: ट्रकवरून काठावर, काठावरून तराफ्यावर, तराफ्यावरून बेटावर आणि तिथून वर टेकाडावर. टनाला खेपेला २०० रुपये धरले तरी १५६ टनांचे सव्वा लाख. ६२ फेऱ्या अडीच हजारांनी, दीड लाखावर. म्हणजे पावणेतीन-तीन लाख फक्त वाहायचे, आणि मिस्त्री-बिगाऱ्यांचा रोज सोलापूरपेक्षा दीडपट, कारण त्यांचा दिवस नऊला नाही, साडेदहाला सुरू होतो आणि चारला संपतो.

म्हणून विटा-वाळूचं घर नकोच. पाया सिमेंटचा आणि वर नटबोल्टनं जोडायचा लोखंडी सांगाडा, भिंती-छताला पफ पॅनल, म्हणजे आत फोम भरलेले पत्रे. सगळं मिळून ४० टनांत बसतं, १६ फेऱ्या, वाहतूक पाऊण लाखाच्या आत. फूटाला अठराशे-एकोणीसशे धरले तर घर पंधरा लाखांत उभं राहतं. पॅनल २० फुटांपेक्षा लांब मागवू नका, वाऱ्यात तराफ्यावर शीड होतं त्याचं. वाहतूक डिसेंबर-जानेवारीत, पाणी भरलेलं आणि वारा पडलेला असताना, सकाळी अकराच्या आत.

एक समाधान, कामाला पाणी भरपूर. बाकी सगळं विकत!

पश्चिमेकडच्या काठाला दगडाचं पिचिंग धरा, दोन लाख. लाटा लहान दिसतात, पण वारा एकाच दिशेनं महिनाभर लागला की मुरूम पोखरतात आणि दर वर्षी हातभर कड ढासळते. ती ढासळलेली कड गाळपेरीत जमा, म्हणजे सरकारच्या.

---

सोलर_अण्णा

बेटावर महावितरणची वायर येणार नाही हे धरूनच चाला. दीड किलोमीटर पाण्यातून केबलचा खर्च घराच्या वर जाईल.

वापर मोजू. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे पाच, दहा तास, दीड युनिट. फ्रीज एक युनिट. पाऊण तास पंप, अर्धा युनिट. दिवे, वायफाय, चार्जिंग, पाण्याचा फिल्टर मिळून दीड. साडेचार ते पाच युनिट. इथवर ठीक. त्यात एक दीड टनी एसी रात्रभर चालवला की आणखी आठ युनिट. एसी नको म्हणा, पॅनलच्या छतावर कुडाच्या झापा टाका, फरक पडतो. १ किलोवॉट पॅनल सोलापुरी उन्हात दिवसाला चार युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-अडीच. म्हणून ३ किलोवॉट पॅनल आणि १० युनिटांची लिथियम बॅटरी, ऑफग्रिड इन्व्हर्टरसह पाच लाख. लेड अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण वजन तिप्पट-चौपट, पाणी घालायचा विसर पडतो, आणि मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत चार वर्षांत मान टाकते. परत ती काठावर आणा, नवी न्या. बॅटरी उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याच्या खोलीत नव्हे.

वीज पडण्याकडे दुर्लक्ष नको. मैलभर सपाट पाण्यात तुमचं छप्पर हीच सगळ्यात उंच वस्तू. तडित रक्षक बसवा. मुरमात अर्थिंग लागत नाही, रॉड एक नाही तीन ठोका आणि पट्टी पाण्याच्या कडेच्या ओल्या मातीपर्यंत न्या. इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर. मेमध्ये जळणाऱ्या दहा इन्व्हर्टरांतले आठ या दोन गोष्टी न केल्यामुळे जळतात असं समजा.

बोटीचं पेट्रोल बेटावर साठवणार असाल तर परवान्याशिवाय मर्यादा ३० लिटर, आणि बॅटरीच्या खोलीपासून लांब.

पाणी. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, आणि इथं अंगणात समुद्र, तरी प्यायला थेंब नाही. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं. धुण्या-वापरायला उचलायचं तरी जलसंपदाची उपसा परवानगी लागते. प्यायला पावसाचं साठवा. छप्पर हजार चौरस फूट, पाऊस पाचशे मिलीमीटर, वीस टक्के वाया गेलं तरी ३७ हजार लिटर मिळतं. दहा-दहा हजारांच्या दोन टाक्या भरून ठेवल्या तर पिण्या-स्वयंपाकाला वर्ष निघतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पॅनलवर पक्ष्यांची विष्ठा असते. आणि पक्ष्यांसाठीच तर तुम्ही जाताय.

संडासाचं मात्र आधी ठरवा. साधी सेप्टिक टाकी भरली की मैलागाडी बेटावर येत नाही. आणि शोषखड्डा पाण्याच्या इतका जवळ चालणार नाही. बायोडायजेस्टर टाकी बसवा, बाहेर पडणारं पाणी माथ्यावरच्या केळी-कर्दळीला. फिनेल, अ‍ॅसिड ओतायचं नाही, नाहीतर आतले जिवाणू मरतात आणि टाकी निव्वळ हौद उरते. हे पाहुण्यांना दारावर लिहून लावा. टाक्या, फिल्टर, नळकाम धरून अडीच लाख.

---

माळरान

हुरड्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. हुरडा पिकतो काळ्या, खोल, ओल धरणाऱ्या जमिनीत. बेट म्हणजे बुडालेल्या टेकाडाचा माथा. तिथं वीतभर मातीखाली मुरूम. काळी जमीन सगळी खाली, गाळपेरीत. आणि मालदांडी ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा धरण भरलेलं, गाळपेर पाण्याखाली. म्हणजे बेटावर हुरड्याचं कणीस येणार नाही. मंगळवेढ्याकडून कणसं आणा, बोटीतून न्या, बेटावर आगटी पेटवा. पाहुण्याला कळत नाही, पण खर्चात धरा.

पक्षी मात्र आहेत. पण रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात उतरतात, भिगवणच्या अंगाला. धरण तुडुंब असलं की ते उशिरा येतात, कमी येतात. तुमच्या बेटावर पाणी भरपूर तेव्हा रोहित कमी, आणि रोहित भरपूर तेव्हा बोट चिखलात. जाहिरातीत दोन्ही एकत्र दाखवू नका.

---

ताळेबंद

आता बेरीज करू.

उभारणी: काठावरचे वीस गुंठे ६ लाख, घर १५, वाहतूक १.२ (टाक्या, बॅटऱ्या, फर्निचरसह), बोट आणि इंजिन ६.५, तराफा १.२, धक्का ३, सोलर ५, पाणी-संडास २.५, पिचिंग २, तडित रक्षक आणि अग्निशामक ०.६, मोजणी-वकील-परवानग्या १.५. एकूण साडेचव्वेचाळीस लाख. अडीअडचणीला दहा टक्के, म्हणजे ४९ लाख. जमीन ४९.५, उभारणी ४९. शिवाय मुद्रांक शुल्क. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

वर्षाला: राखणदार दोन, कारण एकटा माणूस बेटावर राहत नाही आणि राहिला तर टिकत नाही, प्रत्येकी १३ हजारांनी ३ लाख १२ हजार. हा सगळ्यात मोठा आकडा, आणि तोच लोक विसरतात. मोटार, केबल, पॅनल चोरीला जायला फुगवट्यात रात्र पुरते. पेट्रोल ५०० लिटर, ५२ हजार. बोट दुरुस्ती ४०, धक्का सरकवणं आणि चिखलवाट ३०, बॅटरीसाठी बाजूला २०, घर रंग-गंज ५०, जलपर्णी काढणं २०, विमा २०. बेरीज ५ लाख ४४ हजार. शंभर लाख गुंतले त्याचं बँकेतलं व्याज सात लाखांच्या आसपास, ते यात धरलेलं नाही.

उत्पन्न: हंगामात सोळा शनिवार-रविवार, बारा पाहुणे, माणशी १,५०० म्हणजे २ लाख ८८ हजार. त्यातून जेवण वजा. एकही आठवडा रिकामा गेला नाही असं धरून.

कॅनडाबद्दल. नोव्हा स्कॉशियासारख्या प्रांतात लहान बेटं आपल्या फ्लॅटच्या किमतीत विकायला असतात, हे खरं. पण तिथं न राहणाऱ्यानं घर-जागा घेतली तर हस्तांतरणावर वेगळा कर आहे. २०२२ मध्ये तो ५ टक्के होता, एप्रिल २०२५ पासून १० टक्के केला. कुठल्या मालमत्तेला लागतो हे तिथल्या वकिलाकडूनच घ्या. इथून पैसे पाठवायची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. ६० लाख पाठवले तर १० लाख अडकले, ते विवरणपत्रात वळते होतात पण वर्षभर हातात नाहीत. दर वर्षी परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं, तेही जानेवारी-डिसेंबर वर्षाप्रमाणे. विसरलात तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाख दंडाची तरतूद आहे. आणि थंडीत तिथल्या धक्क्याला बर्फ उचलतो, तो कोण बघणार?

ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सनचं कॅरिबियनमधलं नेकर बेट हे सगळे उदाहरण म्हणून देतात. १९७८ मध्ये त्यानं ते १ लाख ८० हजार डॉलरला घेतलं. पण ठरावीक वर्षांत तिथं रिसॉर्ट उभं करायची सरकारची अट होती, आणि उभारणीला त्याच्या कित्येक पट, सुमारे एक कोटी डॉलर गेले. पुढं २०११ ला वीज पडून मुख्य घर जळालं, २०१७ च्या इर्मा वादळात बेटाची वाताहत झाली. त्याचं रेकॉर्ड कंपनीचं उत्पन्न होतं. आपला कांदा आहे.

लक्षद्वीपचं नावही काढू नका, तिथं बाहेरच्याला जमीन घेता येत नाही. कोकणातल्या बेटांना किनारा नियमन क्षेत्राचे नियम, ते उजनीपेक्षा कडक.

---

सात_रस्ता

सगळ्यांचे आभार. ताळेबंदसाहेब, राखणदार एक ठेवून मच्छीमार कुटुंबाला तिथं राहू दिलं तर? आणि निवाड्यात खाजगी क्षेत्र खरंच तीन एकरच निघालं, तर भाव किती सांगायचा?

---

भीमाकाठ

कुटुंब ठेवा, चांगली गोष्ट आहे. पण पोरांची शाळा काठावर, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या तुमच्या पेट्रोलवर. राखणदाराचे दीड लाख वाचतील, पेट्रोल अंदाजे लाखभर वाढेल. चिखलाच्या महिन्यांत पोरं मामाकडे. आणि कराराचा कागद अकरा महिन्यांचा करा, कूळ लागायचा घोळ नको.

---

लेव्हल_मशीन

तीन एकर निघालं तर दलालाच्याच भावानं साडेतेरा लाख. त्याच्या वर एक रुपया नाही. गाळपेरीचा 'ताबा' म्हणून वेगळे पैसे मागेल, त्याची पावती तो स्टॅम्पवर लिहून देईल, ती रद्दीच.

बेट बघायला दलाल डिसेंबरात नेईल. तुम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तो नसताना, दुपारी जा. काठावर जिथं बोट टेकते तिथून बेटाच्या माथ्यापर्यंत पाण्याचा एक कॅन हातात घेऊन चाला आणि घड्याळ बघा. त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवा, पाण्याच्या कडेपासून माथ्यापर्यंत वाटेवर खुंट्या ठोका, फोटो काढा. ऑगस्टअखेर धरण भरलं की त्याच खुंट्यांपैकी किती पाण्यावर दिसतात ते मोजा. त्यानंतरच इसारपावतीला हात लावा.